माटोळीच्या फिल्मआधी पडदा मोजला

गावासाठी, देवस्थानासाठी किंवा शाळेसाठी कुणी फिल्म करत असेल आणि ती शेवटी कुठल्या पडद्यावर, कुठल्या मशीनमधून लागणार हे अजून जाऊन बघितलं नसेल तर हे वाचा. मी एकदा न बघता केली आणि एकदा बघून केली. दोन्ही वेळचं सगळं क्रमाने लिहितोय, तारखा आणि खर्चासकट.

आमचं गाव डिचोली तालुक्यात. २०२४ ची चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला होती, तेव्हा मी आमच्या वाड्यावरच्या घरांतल्या माटोळ्या मोबाईलवर शूट केल्या. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंगण, आंबाडे, कवंडळ, कांगलां अशी कुळागरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) आणि रानातली फळं, पानं, फुलं. आमच्या शेजारची मोठी काकी, वय ७८, तिला यातलं प्रत्येक फळ कुठल्या डोंगरावर कधी मिळतं ते पाठ आहे. बांधतात घरचे पुरुष, पण कुठलं कुठे बांधायचं ते ती खाली पाटावर बसून सांगते. फिल्म तिच्यावरच होती.

२२ डिसेंबर २०२४ ला रविवारी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात ती लावायची ठरली. हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आहे, त्याला पेनड्राइव्ह लावायचा, एवढंच मला माहीत होतं. साठेक माणसं बसलेली, काकी केसांत अबोलीची फाती (गजरा) माळून पहिल्या रांगेत, आणि मी प्ले दाबल्यावर आवाज आला पण चित्रच आलं नाही. काळा पडदा आणि त्यावर फॉरमॅट चालत नाही असा संदेश. मग कुणाचा तरी लॅपटॉप आणा, एचडीएमआय केबल शोधा, यात २५ मिनिटं गेली. चित्र आलं ते धुतल्यासारखं पांढरट, कवंडळाचा लालभडक रंग गुलाबी दिसत होता, खाली लिहिलेल्या ओळींचे (सबटायटलचे) अर्धे शब्द टीव्हीच्या कडेखाली गेलेले, आणि शेवटाकडे ओठ एकीकडे आवाज दुसरीकडे. काकीला स्वतःचं बोलणं पाठ होतं म्हणून तिला कळलं. बाकीच्यांना काय कळलं कोण जाणे. ती मला एका शब्दाने बोलली नाही, उलट "बरें जालें रे" म्हणाली, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

नेमकं काय चुकलं ते शोधायला मला तीन-चार आठवडे लागले. माझा फोन एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त फरक टिपणारी पद्धत), १० बिट एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) रेकॉर्ड करत होता आणि वाचनालयाचा टीव्ही जुना, त्याला ते उलगडताच येत नव्हतं. लॅपटॉपवरून तो एचडीआर रंग साध्या टीव्हीवर गेला म्हणून फिका झाला. आवाज सुटला त्याचं कारण फोन एकसारख्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करत नाही, प्रकाश कमी झाला की सेकंदाला ३० च्या जागी २७-२८ फ्रेम घेतो, आणि एडिटिंगमध्ये ते हळूहळू साचत जातं. यातल्या बऱ्याच गोष्टी एडिटिंग संपल्यावर नीट सुधारत नाहीत. सगळं शूटच्या आधी ठरायला हवं होतं.

मे २०२५ मध्ये देवस्थान कमिटीने विचारलं की जानेवारीच्या उत्सवात मांडवात मोठ्या पडद्यावर काहीतरी दाखवशील का. मी हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी मागितल्या. पडदा कुठला असेल ते आता ठरवा, आणि तीच फिल्म नंतर वाचनालयात कायम चालू राहील असं करा. म्हणजे दोन जागा, दोन पूर्ण वेगळी मशीनं. कमिटीला पत्र लिहून दिलं, बैठकीत विषय यायला एक महिना गेला, २२ जूनला मंजुरी. मोठ्या पडद्यासाठी ११ हजार त्यांनी द्यायचे, बाकी माझं.

पावसाळा सुरू झाला होता. म्हापशाजवळच्या एका एलईडी वॉलवाल्या (बारीक दिव्यांची पॅनलं जोडून केलेला मोठा पडदा) दादाकडे मी टेप घेऊन गेलो. त्याने गोदामात एक पॅनल चालू करून दाखवलं. ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन, जवळ गेलं की एकेक ठिपका वेगळा दिसतो. मी बोट ठेवत ठेवत एका ओळीतले ठिपके मोजले, १२८ भरले. म्हणजे दोन ठिपक्यांत साधारण ३.९ मिलिमीटर. आमच्या मांडवात तो ७ आडवी आणि ४ उभी पॅनलं लावणार होता, साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. आता हिशेब करा, ७ गुणिले १२८ म्हणजे ८९६, आणि ४ गुणिले १२८ म्हणजे ५१२. माझी फोर-के फिल्म, ३८४० बाय २१६०, त्या एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या पडद्यावर जेमतेम ८९६ बाय ५१२ ठिपक्यांत बसणार होती. वाचनालयाचा ४३ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) टीव्ही त्याच्या चौपटीहून जास्त बारकावे दाखवतो. मला हे खरं वाटेना, मी दोनदा मोजलं.

तिथेच उभं राहून बरंच काही ठरलं. अख्खी माटोळी एका फ्रेममध्ये, शंभरेक जिन्नस टांगलेले, हे टीव्हीवर सुंदर दिसेल पण वॉलवर नुसता हिरवा गोळा. वॉलसाठी जवळून हवं, एकेक फळ, काकीचे हात, सुंभाची गाठ. आणि अक्षरं. फुल एचडीमध्ये मी ४० पिक्सेल उंचीची ओळ टाकायचो, ती वॉलवर १९ ठिपक्यांची होते, त्यात शिरोरेघेला एक-दोन ठिपके, मग जोडाक्षरांना राहतं काय? दादाने माझ्या पेनड्राइव्हवरचं चित्र त्या पॅनलवर लावून दिलं. 'ष्ट्र' चा डाग झालेला आणि 'ध' 'घ' सारखेच. वाढवत वाढवत ९० पिक्सेलला आणलं तेव्हा दहा पावलांवरून नीट वाचता आलं. मुक्ता फाँट, जरा जाड वजनाचा. बारीक रेघांचे सुंदर फाँट असल्या पडद्यावर अजिबात टिकत नाहीत.

दादाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला कुठे वाचायला मिळाल्या नसत्या. एक म्हणजे रात्रीच्या मांडवात वॉल पूर्ण उजेडावर लावली तर पुढच्या रांगेतल्यांचे डोळे दुखतात, म्हणून ते ३० टक्क्यांवर आणतात, आणि तेवढं खाली आणलं की काळोखातले बारीक फरक मरतात, समईच्या उजेडातला चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. त्यामुळे अंधारातले शॉट थोडे उजळच ठेवायचे. दुसरी, पांढरी पार्श्वभूमी टाळ.

वाचनालयाच्या टीव्हीची परीक्षा २८ जूनला घेतली. ग्रंथपाल वहिनींनी दुपारी हॉल उघडून दिला, बाहेर धो धो. मी एकच दोन मिनिटांची क्लिप सहा प्रकारांनी बनवून नेली होती. फुल एचडी, एच.२६४ (व्हिडिओ दाबायची जुनी, सगळीकडे चालणारी पद्धत), ८ बिट, आवाज एएसी स्टिरिओ, ही लगेच चालली. तीच फोर-केमध्ये अडखळली. १० बिट एचईव्हीसीला पुन्हा तोच काळा पडदा. वेगळी जोडलेली सबटायटलची फाइल चालली, पण वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली, म्हणून ओळी चित्रातच छापायच्या हे ठरलं. एक्सएफॅटमध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह टीव्हीला दिसलाच नाही, फॅट-३२ दिसला, आणि फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर यादीत नुसते चौकोन, तेव्हा नाव रोमन अक्षरांत आणि लहान ठेवा. एका वहीत सगळं लिहून घेतलं. पाऊण तास लागला, आणि या पाऊण तासाने पुढचे सहा महिने वाचवले.

त्या टेस्ट क्लिपमध्ये काय होतं ते सांगतो, कारण प्रत्येकाने ही बनवून ठेवावी. चारी कडांना बारीक रेघ, म्हणजे टीव्ही किती कापतो ते कळतं (आमचा चारी बाजूंनी कापत होता, सेटिंगमध्ये स्क्रीन फिट केल्यावर थांबला, तरीही मी नावं कडेपासून लांबच ठेवली). काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या. पाच मापांत मराठी अक्षरं. एक टाळी, चित्रात आणि आवाजात एकाच क्षणी. आणि घुमटावरची (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आमचं वाद्य) थाप, आधी डाव्या स्पीकरमधून, मग उजव्या, मग दोन्हींतून.

घुमटावर थोडं थांबतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, आमच्याकडे चवथीच्या आरत्या त्याच्याशिवाय होत नाहीत. त्याचा जो पोटातून येणारा खालचा आवाज आहे तो टीव्हीच्या पाठीमागच्या एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही, नुसती टकटक ऐकू येते. मांडवात उलटं, तिथे घुमट छाती हलवेल पण कासाळ्यांचा (झांजांचा) खणखणाट कर्ण्यांतून कान फाडेल. म्हणून आवाजाची दोन मिक्स करायची हे शूटच्या आधीच ठरलं, आणि घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळीं शक्य तितकी वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायची.

फ्रेमरेट २५ ठेवला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की घरातल्या ट्यूबलाइटची थरथर दिसत नाही. चवथीत रंगीत तोरणं असतात त्यांतली काही तरीही लुकलुकतात, ती बंद करायला विनंती केली. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह वापरतो, त्यात एकदा प्रोजेक्टमध्ये क्लिप आणली की टाइमलाइनचा फ्रेमरेट बदलता येत नाही, तेव्हा हे पहिल्याच दिवशी नक्की करा. कॅमेरा मित्राचा घेतला, फोर-के, ८ बिट. आता तुम्ही म्हणाल ८९६ ठिपक्यांसाठी फोर-के कशाला? कारण मोठ्या चित्रातून हवा तेवढा तुकडा कापून घेता येतो. टीव्हीसाठी अख्खी माटोळी आणि वॉलसाठी त्याच शॉटमधलं एकच तोरिंगण, दोन्ही एकदाच शूट करून. आणि कॅमेरा हळूहळू फिरवायचे शॉट मी जवळपास घेतलेच नाहीत, वॉल ६० हर्ट्झवर चालते, २५ फ्रेमचं फिरतं चित्र त्यात अडखळत जातं.

शूट २५ ते २८ ऑगस्ट २०२५. २५ ला डिचोलीच्या माटोळी बाजारात, २६ ला तयेच्या दिवशी (चवथीचा आदला दिवस) काकीच्या घरी माटोळी बांधताना, २७ ला चवथ. बाहेरून घरात शिरलं की लेन्सवर वाफ धरायची, पुसून उपयोग नाही, वीस मिनिटं थांबायचं. काकीने कवंडळ हातात धरून सांगितलं की हे तिच्या सासूबाई कुठून आणायच्या, तो डोंगर आता अर्धा खाणीने गेलाय, आणि ते सांगताना तिचा अंगठा फळावरून सारखा फिरत होता. तो शॉट मी वॉल डोक्यात ठेवून घेतला होता, फक्त अंगठा आणि लाल फळ, मागे काही नाही. दीड दिवसांनी गणपती गेले आणि माटोळी उतरवली.

एडिटिंग ऑक्टोबर-नोव्हेंबर, नोकरी सांभाळून रात्री. फोनवरच्या काही क्लिप वापराव्याच लागल्या, त्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमरेटच्या करून घेतल्या, मग आत घेतल्या. टीव्हीची फाइल पहिल्यांदा सेकंदाला ६० मेगाबिटने काढली तर ८.१ जीबी, पेनड्राइव्हवर बसेना. २० मेगाबिटने काढली, २.७ जीबी, आणि त्या टीव्हीवर दोन्हींत फरक कुणालाही सांगता आला नाही. वॉलसाठी दोन फाइली केल्या. एक साधी फुल एचडी, जी मशीन लहान करून दाखवेल, आणि एक खास, ज्यात १९२० बाय १०८० च्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ८९६ बाय ५१२ एवढंच चित्र, म्हणजे ठिपक्याला ठिपका जुळतो आणि अक्षरं धारदार येतात. दादाने सांगितलं होतं की त्याच्या प्रोसेसरवर (वॉलला चित्र पाठवणारं मशीन) असं लावता येतं.

कागदपत्रांचं काम डिसेंबरात. ध्वनिक्षेपकाची परवानगी, त्याला पंचायतीची एनओसी, तिला कमिटीचं पत्र. पहिल्या वेळी पत्रावर शिक्का नव्हता म्हणून परत आलो, दुसऱ्या वेळी कार्यक्रमाची वेळ स्पष्ट लिहिलेली नव्हती म्हणून. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम देशभर आहेच, त्यामुळे अर्जात '७.३० ते ८.३०' असं सरळ लिहा. परवानगी ९ दिवसांनी हातात मिळाली. झेरॉक्स तीन काढून ठेवा, एक मांडवात लागते.

१७ जानेवारी २०२६, शनिवार. दुपारी ३ वाजता ट्रक आला आणि दादाने सांगितलं की चार पॅनलं दुसऱ्या कार्यक्रमात अडकली, ७ ऐवजी ६ उभे रकाने लागतील. माझ्या पोटात गोळा आला. ६ गुणिले १२८ म्हणजे ७६८, माझी खास फाइल लावली असती तर उजवीकडचे १२८ ठिपके, सातवा हिस्सा, पडद्याबाहेर गेला असता. मग साधी फुल एचडी फाइल काढली, ती ७६८ बाय ४३२ मध्ये बसली, वर-खाली ४०-४० ठिपके काळे. माझी ९० पिक्सेलची ओळ ३६ ठिपक्यांवर आली. मांडवाच्या मागच्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो आणि वाचली. वाचता येत होती. दादाने स्वतःहून हजार रुपये कमी केले.

आवाजाला वेगळंच लागलं. लॅपटॉपची वायर मिक्सरला जोडली की स्पीकरमधून घूंऽऽ असा सतत आवाज. चार्जर काढला की थांबतो, लावला की सुरू. साउंडवाल्याने मध्ये डीआय बॉक्स लावून अर्थिंगची वाट तोडली आणि घूं गेलं. तुमच्याकडे डीआय बॉक्स नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि चार्जर काढून चालवा. त्याने दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केलं, मी घरी मोनोत ऐकून ठेवलं होतं म्हणून कुठलाही आवाज गळाला नाही. टाळीची क्लिप लावून बघितली, वॉलवरचं चित्र आवाजाच्या किंचित मागे येत होतं, प्लेअरमध्ये आवाज ८० मिलिसेकंद मागे ढकलला आणि जुळलं.

७.४० ला सुरू झालं. तीनशेच्या आसपास माणसं होती, मुलं पुढे सतरंजीवर. काकी तिसऱ्या रांगेत खुर्चीवर. एकेक फळ पडद्यावर मोठं येत गेलं तशी ती शेजारच्या नातीला नाव सांगायला लागली, नाव खाली लिहून यायच्या आधी, आणि थोड्या वेळाने मागच्या रांगांतून दुसऱ्या आज्या पण सांगायला लागल्या, कुणी म्हणे हे असं नाही म्हणत आमच्यात, कुणी दुसरंच नाव घेई. अंगठा आणि कवंडळ आलं तेव्हा ते फळ चार फूट उंच होतं. काकी गप्प झाली. मी पडद्याकडे बघत नव्हतो, तिच्याकडेच बघत होतो.

वाचनालयात २५ जानेवारीपासून फिल्म कायम चालू आहे. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरचा भरवसा सोडला, कारण लाईट गेली की तो पुन्हा सुरू होताना रिपीट विसरतो. ३,४०० रुपयांचा छोटा मीडिया प्लेअर घेतला, वीज आली की आपोआप पहिली फाइल लावतो. आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवलाय म्हणजे २५ फ्रेम बरोबर बसतात, बॉक्समधून काढलात की ६० वर असतो तो. टीव्हीतही वीज आल्यावर चालू राहा असं सेटिंग शोधून लावावं लागलं. सुरुवातीला आणि शेवटी तीन सेकंद काळं ठेवलंय, त्यामुळे फिरून लागताना झटका बसत नाही. एकूण खर्च कमिटीचे १० हजार, माझे प्लेअरचे ३,४००, दोन पेनड्राइव्हचे ९०० आणि फिरण्याचं पेट्रोल.

घुमट मात्र टीव्हीवर अजून हवा तसा येत नाही. मधल्या पट्टीत थोडा उचलून बघितला, आता निदान थाप कळते, पण पोटातला आवाज नाहीच. ग्रंथपाल वहिनींनी साउंडबारसाठी कमिटीकडे अर्ज दिलाय, ८ मार्चच्या बैठकीत विषय आहे. त्याआधी कुणाकडे साउंडबार असेल तर एक दिवस उसना हवाय, त्या हॉलमध्ये, त्याच टीव्हीला लावून ऐकायचाय.